मुका साचा

दसऱ्याच्या सकाळी गुडगावच्या नव्या घरापुढं दोन्ही गाड्या समोरासमोर येऊन थांबल्या, आणि आधी कोणी उतरायचं हे सबनिसांच्या घरात कोणालाच कळेना.

फरीदाबादहून दोघी एकाच वेळी निघाल्या होत्या. पण दत्तात्रयकाकानं मेहरौलीचा रस्ता धरलेला पाहून सुधन्वानं मुद्दाम पहाडीचा धरला, आणि जी गाडी त्याच्या वडिलांनी, बळवंतरावांनी, उभ्या आयुष्यात कधी दौडवली नाही ती त्यानं दौडवली. तरी गाठ पडायची ती दारातच पडली.

सुधन्वाची आई हेमलता काळीच्या मागच्या सीटवर बसून होती. मांडीवर नारळ, त्यावर झेंडूच्या माळांचं टोपलं. काळी म्हणजे मर्सिडीज. देवळाच्या कवाडासारखी उभी चांदीची जाळी, तिच्या माथ्यावर तीन पाकळ्यांचा तारा. नवरा गेल्यावरही तिनं या सीटची उजवी बाजू सोडली नव्हती. डावीकडे स्टिअरिंग, म्हणजे उजवीकडून गाडी चालवणाऱ्याचा चेहरा दिसतो, म्हणून.

समोर गोरी. दत्तात्रयाची बीएमडब्ल्यू. साईचा रंग, गालफडं फुगलेली, कुठं म्हणून कोपरा नाही; आणि मधोमध दोन लांबट जाळ्या, जणू नथ घालायला नाकपुड्या तयार ठेवल्यात. हेमलतानं ही गाडी हजारदा पाहिली होती, नेहमी बाहेरून. आतून ती कशी असेल, हे कुतूहल तिनं तरुणपणापासून सांभाळलं होतं, लपवून ठेवलेल्या पेढ्यासारखं.

"आजी, उतर ना यार," पुढून मैत्रेयी म्हणाली. ती कॉलेजात होती, आणि तिच्या मराठीला दिल्लीची फोडणी होती.

"यार असेल तुझी मैत्रीण. आधी भावोजींना उतरू दे."

"छोटे आजोबा पण तेच म्हणत असतील. फिर तो रात हो जाएगी."

शेवटी उतरली ती अरुणा, दत्तात्रयाची बायको. गोरीचं मागचं दार उलट्या बाजूनं उघडायचं, कपाटासारखं. तिनं दोन्ही पाय खाली सोडले, साडी आवरली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काय रे सुधन्वा, दोघांनी रस्त्यातच राहायचं ठरवलंय का? मग घर कशाला बांधलंत?"

ही खोड जुनी होती. वकिलातीच्या जुन्या गाड्यांच्या लिलावात बळवंतरावांनी काळी घेतली, तेव्हा फरीदाबादच्या गल्लीत माणसं छपरावर चढून बघत होती. पुढच्याच लिलावात दत्तात्रयानं थोरल्या भावाला न विचारता गोरी आणली. हिच्यात सहा सिलिंडर, तर तिच्यात आठ. त्या दसऱ्याला आधी पूजा कोणत्या गाडीची, यावरून शब्दाला शब्द वाढला. "तुझ्या गाडीत मी पाय ठेवणार नाही," थोरला म्हणाला. "मग मीही तुझ्या नाही," धाकटा म्हणाला. एवढंच. फरीदाबादचा रबराचा कारखाना एकच राहिला, आमटीची वाटी कुंपणावरून इकडून तिकडं जात राहिली, पोरांच्या मुंजी एका मांडवात झाल्या. फक्त गाडीत पाय कोणी ठेवला नाही. दिल्लीतल्या मराठी मंडळींच्या सदनातल्या गणपतीला जायचं तर दोन गाड्या पुढं-मागं. लग्नाला दोन गाड्या. बळवंतरावांना शेवटचं नेलं तेव्हाही दत्तात्रय आपल्या गाडीतून मागून आला, एकटाच, काचा वर करून.

आता फरीदाबादची दोन्ही घरं विकली होती. गुडगावच्या या घरात खालचा मजला दत्तात्रय-अरुणाचा, वरचा हेमलता आणि सुधन्वाचा. मात्र नकाशा काढणाऱ्यानं गॅरेज एकच काढलं, आणि ते चूक म्हणून ध्यानात आलं तेव्हा स्लॅब पडून गेला होता. बाहेर ठेवावी, तर इथल्या धुळीनं आणि उन्हानं असल्या गाडीचं एका उन्हाळ्यात भरीत व्हायचं. राजस्थानातल्या कोणा हवेलीवाल्याला पाहुण्यांसाठी अशी एक गाडी हवी होती. त्याची माणसं चार वाजता येणार होती. दोघींतली कोणती जायची, ते आज ठरायचं होतं.

पूजा झाली. आपट्याची पानं दिल्लीत मिळत नाहीत. सबनीस मंडळी पहिल्यापासून कचनारची पानं सोनं म्हणून वाटत आली होती. दिसायला तशीच, फक्त जरा मोठी. "दिल्लीचं सोनं फुगलेलंच असतं," बळवंतराव म्हणायचे. दत्तात्रयानं दोन्ही गाड्यांना कुंकू लावलं. काळीला लावताना हात लांब करून लावलं, पाय लांब ठेवून.

त्याच्या अनामिकेचं नख अजून लाल होतं. ते कालचं. काल खंडेनवमीला कारखान्यातले साचे पुजले होते. ती त्याची मानाची कामगिरी: थोरल्यानं नारळ फोडायचा, धाकट्यानं साच्यांना कुंकू भरायचं. ट्रकच्या बुशचा साचा, बसच्या खिडकीचा, वॉशरचे. आणि सगळ्यांत शेवटी तो मुका साचा. हातभर लांबीचा, पोलादी, कडेला छिन्नी घसरल्याची तांदळाएवढी खोच. त्यातून कशाचं रबर निघतं, हे कारखान्यात कोणालाच ठाऊक नव्हतं. तो कधी रबर घडवायच्या प्रेसवर चढलेला कोणी पाहिला नव्हता. बळवंतरावांनी एका नवमीला तो आपल्या हातानं पाटावर आणून ठेवला आणि म्हणाले, "ह्यालाही लाव रे." कशाचा म्हणून विचारलं, तर "एका पार्टीचं काम होतं." तेव्हापासून दरवर्षी दत्तात्रय त्या खोचीत बोट दाबून कुंकू भरायचा आणि विचारायचा, "दादा, अरे कशाचा हा?" काल विचारायला दादा नव्हता, तरी त्यानं सवयीनं विचारलं.

व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या मांडल्या होत्या. स्वयंपाकघराची खिडकी तिथंच उघडत होती. आत कल्पना, हेमलताची सून, श्रीखंडाला वेलची कुटत होती आणि मधूनमधून खिडकीतून मत देत होती.

"हे बघा, भावनेत जायचं नाही," सुधन्वा म्हणाला. "सरळ तुलना करू. दोन्ही गाड्या समोर आहेत."

"माझं विचाराल तर दोन्ही द्या," खिडकीतून कल्पना म्हणाली. "सिएलो घेऊ. पॉवर स्टिअरिंग आहे, एसी आहे. मला पण चालवता येईल. या दोघींना वळवायचं म्हणजे म्हशीला जिन्यावरून उतरवण्यासारखं आहे."

"तू श्रीखंडात लक्ष घाल," अरुणा म्हणाली. "सिएलोला कोणी नमस्कार करेल का?"

मैत्रेयी मात्र खरंच दोन्ही गाड्यांभोवती फिरत होती. कल्पना बोलत असताना ती गोरीच्या बॉनेटखाली डोकं घालून आली होती. "आजी, सुन ना. छोट्या आजोबांच्या गाडीचा आवाज एकदम लो आहे, जसं कोणी ब्लँकेटमध्ये बोलतंय. आणि आपल्या काळीचा असा... साफ. एकेक अक्षर वेगळं."

हेमलताला गंमत वाटली. तिलाही तसंच वाटायचं. माहेरी साताऱ्याकडं दळणाची दोन जाती होती. एक ज्वारीचं, एक गव्हाचं. अंथरुणात पडल्या पडल्या आवाजावरून कळायचं, आज भाकरी की पोळी. या दोन गाड्यांना तिनं मनात तशीच नावं दिली होती. काळी ज्वारीची, गोरी गव्हाची.

"घड्याळ?" सुधन्वानं विचारलं.

"काळीचं चालू. गोरीचं बंद."

"ते बंद नाही," दत्तात्रय म्हणाला. "मी थांबवलंय. टिकटिक आवडत नाही मला."

"काका, लाकूड बघा. मर्सिडीजचा डॅशबोर्ड..."

"लाकूड बघायचं तर पलंग घे. गाडी म्हणजे इंजिन. जर्मनीत लढाईनंतर आठ सिलिंडर पहिल्यांदा कोणी बसवली, विचार."

"पण बाबांची गाडी कधी रस्त्यात उभी राहिली नाही."

"कारण दादानं ती कधी रस्त्यावर आणलीच नाही! सदन ते घर, घर ते सदन. गाडी होती का पालखी?"

अरुणा पदरात हसली. हेमलतालाही हसू आलं, कारण ते खरं होतं.

सबनिसांनी गाडी बघायची तर ती शेवटी दारापाशीच येऊन थांबायची. दाराच्या कडेला जे रबर असतं, पाऊस, वारा, धूळ आत येऊ नये म्हणून, त्यावरच या घराची भाकरी भाजली गेली होती. इंजिन दुसऱ्यांचं, रंग दुसऱ्यांचा. रबर बघायला मात्र घरातली पोरंसोरंसुद्धा शिकलेली. दाराच्या फटीत कागदाची पट्टी धरायची, दार लावायचं, पट्टी ओढायची. सुळकन आली तर रबर मेलेलं. अडकली तर जिवंत.

सुधन्वानं वर्तमानपत्राची पट्टी फाडली. काळीच्या दारात धरली, दार लावलं. पट्टी अलगद बाहेर आली. त्यानं ती बोटांनी सरळ केली. दुसऱ्या दारात धरली, तिथंही आली.

"तुझ्या बाबांनी सगळ्या उत्तर हिंदुस्थानच्या गाड्यांना रबरं घातली," हेमलता म्हणाली. "स्वतःच्या गाडीचं बदलायचं राहून गेलं."

मग गोरी. दार लागलं, धप्प. जाड गोधडीवर नारळ पडावा तसा आवाज. पट्टी ओढली. अर्धी हातात आली, अर्धी दारातच फाटून राहिली.

"ओरिजिनल!" दत्तात्रय खुर्चीतून उठलाच. "जर्मन रबर! एकदोन नाही, कित्येक पावसाळे गेले, थेंब आत आलेला नाही."

सुधन्वानं फाटलेली पट्टी घडी करून खिशात टाकली. "झालं तर मग. काकांची गाडी ठेवू. काळी जाऊ दे."

 आतला खलबत्ता थांबला. हेमलतानं मुलाकडे पाहिलं. त्यानं हे कागदाच्या पट्टीवरून ठरवलेलं नव्हतं, हे तिला कळलं, आणि दत्तात्रयालाही कळलं.

"दया करतोस का रे माझ्यावर?" तो म्हणाला. "दादा गेला, म्हातारा काका राहिला, ठेवा त्याचं खेळणं? मला नको. दादाची गाडी घरातून काढून त्या जागेवर मी माझी लावू? लोक काय म्हणतील? माझी जाऊ दे."

"मला तर पहिल्यापासून मर्सिडीजच आवडते," अरुणा अचानक म्हणाली.

"काय?" दत्तात्रय तिच्याकडे वळला.

"आवडते. गोरीत मागं बसलं की मला मळमळतं. झुलते नुसती, मेली. जाऊबाई कशा ताठ बसून जायच्या पुढं, आणि मी मागच्या गाडीत लिंबू हुंगत. इतक्या वर्षांत एकदा तरी विचारलंत मला?"

"अच्छा! म्हणजे आता तुझंही मत पलीकडं!"

"मत कोणाचं कुठं जायचं ते जाऊ दे," असं म्हणत अरुणा उठली आणि स्वयंपाकघरात गेली. जाता जाता तिनं हेमलताच्या खांद्याला बोट लावलं.

हेमलता मागोमाग आत गेली, तेव्हा पोळ्यांच्या डब्याआड अरुणा हळू आवाजात म्हणाली, "ताई, खरं सांगते. गोरी गेली तर ते इथं राहायला येणार नाहीत. मला म्हणाले, तू जा, मी कारखान्यातल्या खोलीत राहीन. कॉटसुद्धा टाकून घेतलीय तिथं. आणि गोरी ठेवली तर म्हणतील, दया केली. म्हणजे तरीही येणार नाहीत. आता मी काय करू, सांगा."

"आणि मर्सिडीज आवडते म्हणालीस ते?"

"ते खरंच आवडते," अरुणा म्हणाली, आणि डोळे पुसता पुसता हसली.

हेमलता पोळीच्या डब्याचं झाकण उघडून मिटत राहिली. काळी गेली तर ह्यांचा तो चेहरा गेला, ती उजवी बाजू गेली. गोरी गेली तर दीर गेला. हा एकटा माणूस कारखान्यात कॉटवर, रात्री प्रेसचा वास, आणि हे दोघांसाठी म्हणून बांधलेलं घर खालून रिकामं. तिला अजून एक गोष्ट टोचत होती, आणि ती या सगळ्यांत लहान होती म्हणून तिला लाज वाटली: एवढी भांडणं जिच्यासाठी, ती गाडी आतून आहे तरी कशी?

ती बाहेर आली. "तुम्ही सगळे म्हणताय मी थोरली, मी ठरवावं. मी कशी ठरवू? एकीत जन्म काढला, दुसरीत कधी बसले नाही. भावोजी, मला एक चक्कर मारून आणा."

सुधन्वा उभा राहिला. "आई, बाबांनी..."

"त्यांनी त्यांच्या पायांचं सांगितलं होतं. माझ्या पायांचं मला कोणी विचारलं नव्हतं."

दत्तात्रयानं खिशातून किल्ली काढली. मग तो गेला, गोरीचं ते उलटं मागचं दार उघडलं आणि धरून उभा राहिला. "या, वहिनी."

आत बसल्याबरोबर ती बुडाली. सीट नव्हतीच ती, कापसाची गंजी होती. वास वेगळा होता: जुनं कातडं, अडुळसा, आणि अरुणाचं लिंबू. पायाशी लोकरीचा गालिचा. काळीत माणूस बसायचा. इथं कोणीतरी मांडीवर घ्यायचं. अरुणाला मळमळायचं यात नवल नव्हतं, पण हेमलताला मात्र लहान मुलासारखं हसू फुटलं.

"काय झालं?"

"काही नाही. चला तुम्ही."

गाडी हलली ते तिला झाडं मागं जायला लागल्यावर कळलं. रस्ता नवा, काही ठिकाणी रस्त्याच्या आधीच दिव्याचे खांब आलेले. एका बाजूला बाजरी कापून मोकळी झालेली शेतं, दुसऱ्या बाजूला अजून न बांधलेल्या इमारतींची रंगीत चित्रं लावलेले मोठाले फलक. त्यातल्या चित्रांत कारंजी होती. फलकाच्या सावलीला एक गाय बसली होती.

तिच्या ओठांवर आपोआप एक ओळ आली. माहेरच्या चालीवर स्वतःच बांधलेली, जुनी, कोणाला कधी न ऐकवलेली:

माझ्या दारावरनं गाडी कुणाची गेली गं
धाकल्या दिराची, धूळ सोन्याची झाली गं

"तुम्ही गाता?" आरशातून दत्तात्रयानं विचारलं.

"पूर्वी गायचे. रबराची कड कापताना."

ते काम तिनं खूप वर्षं केलं होतं. साच्यातून रबर निघतं तेव्हा त्याला कडेनं पातळ झालर सुटलेली असते. ती कात्रीनं कापायची. कारखाना लहान होता तेव्हा दोघी जावा अंगणात बसून कापायच्या. कापून झालं की अंगठा खालच्या घडीतून फिरवून बघायचा, काही राहिलं तर नाही ना. ती सवय हाताला इतकी लागलेली होती, की आताही तिचा अंगठा दाराच्या कडेनं, रबराच्या घडीच्या आत, आपला आपण फिरत होता.

तो एका जागी अडला.

एक दाणा होता. तांदळाएवढा. तिनं अंगठा पुढं नेला. रबर गुळगुळीत, गुळगुळीत. मग हातभर अंतरावर पुन्हा दाणा. खाली वाकून पुढं चाचपलं. पुन्हा.

साच्यात खोच असली की रबरावर तिचा दाणा होतो.

श्रावणातली दुपार होती ती. ह्यांनी पिशवीतून रबराचं भेंडोळं घरी आणलं होतं. हातभर हातभर लांबीचे तुकडे भाजून जोडलेले. "कारखान्यात का नाही कापायचं?" तिनं विचारलं. "एका पार्टीचं काम आहे. तिथं चार जण विचारतात." तिनं कापायला घेतलं, तर दर तुकड्यावर हा दाणा. "ह्याला काय करू?" "राहू दे. आतल्या बाजूला जातो. छिन्नी घसरली माझी." आणि मग ते शेजारी बसले, आणि तिचे हात काळे म्हणून भुईमुगाच्या शेंगा सोलून दाणे तिच्या तोंडात घालत राहिले. अरुणा त्या दिवशी माहेरी होती. सगळं कसं जमवून आणलं होतं त्यांनी.

"भावोजी," ती जपून म्हणाली, "हे रबर कुठून आणलंत म्हणालात?"

त्याचा चेहरा उजळलेला आरशात दिसला. "अहो, ती गंमतच आहे. त्या वर्षी पाऊस असा, की गाडीत पाणी. सगळी दिल्ली पालथी घातली, कुठं मिळेना. काश्मिरी गेटच्या करतारसिंगकडं गाडी सोडून आलो. म्हणाला, 'मँगवा देंगे जी, जर्मनी से.' आणि पंधरवड्यात बसवून दिलं! मी मुद्दाम गाडी दादाच्या दारापुढं उभी केली. म्हटलं बघ, जर्मन रबर. दादा खाली वाकला, दाबून बघितलं, वास घेतला, ताणून बघितलं. आणि म्हणाला, 'दत्ता, जर्मन ते जर्मन. आपल्याला नाही जमायचं.'" तो थांबला. "आयुष्यात एकदाच, वहिनी. एकदाच दादा माझ्यापुढं हरला."

हेमलतानं खिडकीबाहेर पाहिलं. फलकावरच्या कारंज्यावर एक कावळा बसला होता. तिला हसू येत होतं, आणि हसलं तर डोळ्यांतून येईल अशी भीती वाटत होती. केवढे चोर! रात्री कधी उठून ह्यांनी तो साचा कोरला असेल? भावाच्या गाडीत पाय ठेवायचा नाही, मग दाराचं माप कसं घेतलं? बाहेरून, उभ्या उभ्या, करतारसिंगच्या गॅरेजात. आणि भावानं तेच रबर नाकापुढं धरल्यावर त्याचा वास घेऊन म्हणायचं, आपल्याला नाही जमायचं.

न सांगितलं तर याची ती एक जीत याच्यापाशी राहील. पण मग गोरी ठेवली तर हा त्याला दया म्हणेल, आणि कॉट कारखान्यातच राहील. सांगितलं तर जीत जाईल. ती जीत मुळात ह्यांनीच दिलेली होती, आणि ती परत मागायचा हक्क तिला होता का, हे तिला सुचेना. गाडी वळली. घर दिसायला लागलं, काळी दिसायला लागली, सकाळचे झेंडू गळ्यात घालून.

सगळे व्हरांड्यात उभे होते. दत्तात्रयानं दार उघडलं. हेमलता उतरली नाही.

"गोरी राहील," ती म्हणाली.

"आई!" सुधन्वा पायऱ्या उतरून आला. मघाशी हेच त्यानं मागितलं होतं. आता मात्र त्याचा चेहरा पोरका झाला. "बाबांची गाडी देऊन टाकायची?"

"तुझ्या बाबांनी ती विकत घेतली होती रे. एक खिळासुद्धा त्यांनी केलेला नाही तिच्यात."

"वहिनी, मी सांगितलं ना," दत्तात्रय ताठरला, "दया नको म्हणून. मी माझं फरीदाबादला..."

"वाका जरा."

"काय?"

"वाका. हात द्या इकडं."

तिनं त्याचा हात धरला. अनामिकेचं नख लाल असलेला हात. तिनं त्याचं ते बोट रबराच्या घडीच्या आत नेलं आणि दाण्यावर टेकवलं. मग हातभर पुढं नेलं, आणि पुन्हा टेकवलं.

  ज्या बोटानं इतक्या नवम्या त्या खोचीत कुंकू दाबलं होतं, त्या बोटाला खोच कोणती आणि दाणा कोणता हे सांगावं लागत नव्हतं. त्यानं तिसऱ्यांदा बोट पुढं नेलं ते स्वतःच. मग चौथ्यांदा. दाराच्या वरच्या कमानीपर्यंत तो गेला आणि तिथं हात तसाच धरून राहिला, जणू कोणी वरून धरलाय.

"काय आहे तिथं?" मैत्रेयीनं विचारलं. "दिखाओ ना, छोटे आजोबा."

"साचा," तो म्हणाला.  "कालचा तो."

सुधन्वा पुढं झाला, त्यानंही बोट घातलं. रबराच्या माणसाचा मुलगा तो, त्याला उमगायला वेळ लागला नाही. अरुणानं आधी नवऱ्याकडं पाहिलं, मग जावेकडं. "जर्मन," ती हळूच म्हणाली. "इतकी वर्षं मला पाठ करून घेतलं होतं. जर्मन."

दत्तात्रय वळला. अंगणातून चालत काळीपाशी गेला. पुढचं दार उघडलं, आणि दारात उभा राहिला, एखाद्या अनोळखी घराच्या उंबऱ्याशी चपला काढाव्या की नाही असं वाटून थांबावं तसा. मग त्यानं खरंच चपला काढल्या. एक पाय आत ठेवला, मग दुसरा. भावाच्या सीटवर बसला, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले आणि दार ओढून घेतलं. काचा वर करून घेतल्या. त्याला वाटलं असणार, आता कोणाला काही कळणार नाही.

पण बळवंतरावांनी स्वतःच्या गाडीचं रबर कधी बदललंच नव्हतं. आतलं सगळं बाहेर ऐकू येत होतं.

 मैत्रेयी पुढं निघाली, तिला अरुणानं मनगटाला धरून थांबवलं.

"कल्पना," हेमलता खिडकीकडं बघून म्हणाली, "मिक्सर लाव गं."

"आता, आई? काय वाटायचंय?"

"काहीही. लाव."